ताटल्यांची सेवानिवृत्ती

तिच्या जिभेला धार होती आणि हातात सदा कात्री, त्यामुळे तिचं टोपणनाव ठेवताना गल्लीला फारसं डोकं खाजवावं लागलं नव्हतं. पाठीमागे सगळे तिला 'कात्री' म्हणायचे. तोंडावर मात्र 'मावशी', तेही अगदी मध घोळून. पँटची लांबी कमी करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, सुटलेल्या माणसाला त्याच्या जुन्याच कपड्यांत पुन्हा बसवायचं, ही कामं त्या भागात तिच्याइतकी सफाईनं कोणी करत नव्हतं. आणि आपल्या पोटाचं खरं माप जिला ठाऊक आहे, तिच्याशी वाकडं कोण बोलणार?

तिचा नवरा रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. त्यांना सगळे सेफ्टीसाहेब म्हणत, आणि रागात असली की तीही म्हणायची. उभ्या नोकरीत त्यांनी काय केलं, हे सांगणं तसं अवघडच. त्यांचं काम म्हणजे काही होऊ न देणं. जिन्यावरून कोणी घसरलं नाही, कुठल्या पिंपाला आग लागली नाही, कोणाचं बोट पट्ट्यात सापडलं नाही. आता, न झालेल्या अपघाताबद्दल आभार मानायला कोण येणार? निरोपाच्या कार्यक्रमात मॅनेजरसाहेबांनी भाषण केलं, "यांच्या काळात सांगण्यासारखं काहीच घडलं नाही," आणि हातात एक भिंतीवरचं घड्याळ ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेफ्टीसाहेब घरी आले, आणि दुसऱ्या दिवसापासून घर सुरक्षित व्हायला लागलं.

आधी खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या आल्या. मग न्हाणीघरात खरबरीत पट्ट्या, त्याही अशा की अंघोळीला गेलेल्या माणसाचे तळवे सोलून निघावेत. मग तिच्या शिलाई मशीनच्या टेबलाच्या कडांना पिवळी चिकटपट्टी लागली आणि भिंतीवर पाटी आली: 'धारदार वस्तू. सावधान.' एक गिऱ्हाईक ती पाटी वाचून तिच्याकडे बघून हसलं. त्याची पँट त्या आठवड्यात तयार झाली नाही.

"अहो," ती म्हणाली, "मी इथे इतकी वर्षं शिवतेय. माझी सगळी बोटं जागच्या जागी आहेत."

"आजवर," सेफ्टीसाहेब म्हणाले.

अशात त्यांची नजर भांड्यांवर पडली. खरं तर पडली नाही, पाडली गेली.

ही भांडी तिच्या आईची, आणि आईला तिच्या आईकडून आलेली. पांढरी चिनी माती, काठाला निळी वेल, वेलीवर मधूनमधून एक पक्षी. तो बिचारा घडवणाऱ्याला नीट साधला नव्हता, त्यामुळे बदकासारखा दिसायचा. खोलगट ताटल्या, कपबश्या आणि झाकणाचं एक मोठं सूपचं भांडं, असा संच होता. लग्नानंतर आईने तो जुन्या चादरींत गुंडाळून तिच्या हवाली केला. सूचना काही दिल्या नाहीत. भांडी जेवायला असतात, यात सूचना काय द्यायच्या! त्यामुळे ती सगळी ओट्यावरच्या फळीवर, हाताशी असायची. रोजचं जेवण त्यात, रोजची कॉफी त्यात. लेकीला दात येत होते तेव्हा तिने त्याच कपांचे काठ चावले. सूपच्या भांड्यात एकदा शेजारणीचं मांजर झोपलेलं सापडलं होतं. टवके उडाले, झिलईवर केसाएवढ्या बारीक रेषा उमटल्या, पण सगळं ठाकठीक चाललं होतं. आपण नाजूक आहोत, हे त्या ताटल्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

ते सांगितलं लिलावघरात नोकरी करणाऱ्या एका बाईने. ती कोटाच्या बाह्या आखूड करायला आली होती. कात्रीने तिला कॉफी दिली. कॉफी संपल्यावर बाईने बशी उलटी करून बूड पाहिलं, बोटाने काठ चाचपला आणि म्हणाली, "मावशी, हे तुम्ही रोज वापरता? असं काम आता होत नाही हो. जपून ठेवा."

कात्रीने हे या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं; तिचं लक्ष बाह्यांकडे होतं. पण खिडकीपाशी सेफ्टीसाहेब पेपर वाचत बसले होते. तो पेपर हळूहळू खाली आला. निवृत्त झाल्यापासून इतक्या स्पष्ट शब्दांत त्यांना कोणी काम सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नाश्त्यासाठी फळीकडे हात नेला, तर फळी रिकामी.

"ताटल्या कुठे गेल्या?"

"धोक्याच्या जागेतून हलवल्यात."

"कुठल्या धोक्याच्या?"

"हेच स्वयंपाकघर. वाफ, आग, ओला ओटा, आणि…" इथे ते जरा अडखळले. पण माणूस प्रामाणिक. "आणि तू."

मग जागेचा शोध सुरू झाला. माळ्यावर ठेवायची नाहीत, तिथे उन्हाळ्यात तापतं आणि थंडीत गारठतं. जमिनीलगत नाहीत, तिथे ओल. बाहेरच्या भिंतीला नाहीत, तिथे ऊन. दाराजवळ नाहीत, दार आपटतं. हातात पट्टी घेऊन ते घरभर हिंडले. अखेर साऱ्या घरात निर्धोक अशी एकच जागा निघाली, ती म्हणजे झोपायच्या खोलीतलं तिचं कपड्यांचं कपाट. निघायचीच होती. त्यांचं स्वतःचं कपाट शेजारीच होतं, पण त्यात म्हणे हँगरचा दांडा मध्ये येत होता. तिच्या कपाटातला दांडा मात्र काढून टाकल्यावर काही अडचण राहिली नाही.

तिचे कपडे पलंगाखाली बॅगांत गेले. दिवसभर लोकांचे कपडे कडक इस्त्री करून देणारी ही बाई स्वतः चुरगळलेल्या कपड्यांत वावरायला लागली. कपाट मात्र भिंतीला बोल्टने आवळलं गेलं, म्हणजे भूकंप झालाच तर घर पडेल पण कपाट उभं राहील.

आता, साहेबांचं काम वरवरचं नव्हतं, हे कबूल करायला हवं. जड ताटल्या खालच्या कप्प्यात, त्यांची चवड बेताची. कपात कप घालायचा नाही, कानाला धरून टांगायचा तर मुळीच नाही, कारण कान हीच त्याची सगळ्यात दुबळी जागा. सूपच्या भांड्याचं झाकण भांड्यावर ठेवायचं नाही, शेजारी वेगळं. वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही, शाई उतरते. हे सगळं बरोबरच होतं. चपलाबुटांच्या दुकानात जाऊन त्यांनी खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या मागून आणल्या. दुकानदाराने त्या कचऱ्याच्या डब्यातून काढून आनंदाने दिल्या. त्या पुड्या पिता येईल तेवढं आधीच पिऊन बसल्या होत्या, हे ना दुकानदाराला ठाऊक, ना साहेबांना.

ताटली ताटलीला घासू नये म्हणून मध्ये घालायला मऊ चकत्या हव्या होत्या. साहेब तिच्याकडे आले.

"तुझ्याकडे तो जाड फेल्ट आहे ना, पांढरा? थोडा दे."

पांढरा फेल्ट होता. चांगल्यापैकी होता, आणि एका कोटाच्या कॉलरसाठी तिने राखून ठेवला होता. ताटल्यांच्या अंथरुणासाठी तो कापायचा म्हणजे तिच्या जिवावर आलं. तिने कापडांच्या फळीखालून लाल फेल्टची गुंडाळी ओढली. शाळेच्या नाटकातल्या पोशाखांसाठी आणलेला, उरलेला, स्वस्तातला.

"हा घ्या. ताटल्यांना कुठे रंग कळतो?"

साहेबांनी तो घेतला आणि बसून एकसारख्या गोल चकत्या कापल्या, तिच्याच कात्रीने. मग सगळी भांडी स्वतः धुतली, टॉवेलने टिपली, आणि उघड्यावर पडलेलं भांडं म्हणजे अपघाताला आमंत्रण, म्हणून त्याच संध्याकाळी आत रचली. वरून पांढरं कापड. दारांना आतून फ्रिजला असते तशी रबरी पट्टी. आता धूळ, किडा, हवा, कशाची आत शिरायची बिशाद नव्हती. आतल्या कशाची बाहेर पडायचीही नव्हती, पण त्याचा विचार तेव्हा कोणी केला नाही. कुलूप लागलं. किल्ली साहेबांच्या खिशात गेली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

तुम्ही म्हणाल, एवढी जिभेची तिखट बाई गप्प कशी बसली? गप्प बसण्यासारखं कारण होतं. भांड्यांच्या मागे लागल्यापासून साहेबांनी तिच्या मशीनकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. भिंतीवरची पाटी तिने काढली, तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. ताटल्या गेल्या, पण शांतता आली. तिला हा सौदा वाईट वाटला नाही.

जेवायला नारिंगी मेलामाइनच्या ताटल्या आल्या. साहेबांनी त्यांतली एक मुद्दाम फरशीवर टाकून दाखवली. ती टुणकन उसळून टेबलाखाली गेली.

"पाहिलंस?"

"पाहिलं. जेवणही असंच उसळून बाहेर येणार बहुतेक."

पाहुणे आले की मात्र कपाट उघडायचं. आधी अंगठ्या, कडी, घड्याळं काढून टेबलावर ठेवायची. मग पलंगाच्या कडेला ओळीने उभं राहायचं. साहेब दार उघडत, पांढऱ्या कापडाचं एक टोक उचलत, आणि लोक खाली वाकून ताटल्यांच्या कडा पाहत. हात लावायचा नाही. "वा," लोक म्हणत, कारण दुसरं काय म्हणणार? मग बाहेर येऊन नारिंगी ताटलीत केक खात. लेक सुट्टीला आली तेव्हा तिलाही अंगठी काढायला लावली. "बाबा, मी या कपांना चावलेय," ती म्हणाली. "तेव्हा नियम नव्हते," बाबा म्हणाले.

असा वर्षभराहून थोडा जास्त काळ गेला. मग दादाचा फोन आला.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. जहाजावर आचारी होता. अर्धं आयुष्य हलत्या स्वयंपाकघरात काढलं, आणि आता गुडघ्यांनी राजीनामा दिल्यामुळे जमिनीवर परतला होता. "दोन दिवस येतो," तो म्हणाला. "बाकी काही नको. जन्मभर पत्र्याच्या थाळ्यांत जेवलोय गं. आईच्या ताटलीत वाढ म्हणजे झालं."

तिने साहेबांना सांगितलं. साहेब गंभीर झाले. बराच वेळ येरझारा घालून त्यांनी निर्णय दिला.

"एक ताटली देता येईल. जेवण झालं की लगेच परत. आणि सूप नको. सूप गरम असतं."

"मग असं करते," ती म्हणाली, "दादाला ताटली लांबून दाखवते आणि सूपचा वास देते."

"तू चेष्टा करतेस. एकदा तडा गेला की काय करणार आहेस?"

"अहो," तिने हातातलं काम खाली ठेवलं. ती काम खाली ठेवून बोलायला लागली की गल्लीतली माणसं मागे सरकायची. "ती माझ्या आईची भांडी आहेत. तुमच्या कारखान्यातली नाहीत. माझा भाऊ येतोय, तो त्यात जेवणार, आम्हीही जेवणार, आणि सूपच जेवणार. किल्ली."

इतकी वर्षं कारखान्यात कामगारांपासून मॅनेजरपर्यंत कोणापुढे न नमलेल्या साहेबांचं क्षणात ताटाखालचं मांजर झालं. त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. पण दादा आला त्या दिवशी तिच्या मागोमाग तेही खोलीत आले.

दादा बाहेर बसला होता. त्याच्या चहाची व्यवस्था लावून ती कपाटापाशी गेली. दार ओढलं तर रबरी पट्टीने ते धरून ठेवलेलं. जोर लावल्यावर फस्सकन उघडलं, आणि आतून कोंदट वास आला, ओले बूट पिशवीत विसरल्यावर येतो तसा. तिने पांढरं कापड काढलं. वरची ताटली उचलली. तिच्याखालची लाल चकती ताटलीबरोबरच वर आली, चिकटून. तिने ती सोलली.

ताटलीच्या बुडावर गुलाबी गोल उमटला होता. खालच्या ताटलीच्या ऐन मध्यावर तसाच दुसरा, जास्त गडद. तिने पुढची उचलली. त्यावरही. तिच्या पुढचीवरही. टॉवेलने टिपून घाईने रचलेल्या ताटल्यांच्या बुडांनी ओल धरली होती, बंद कपाटात ती ओल फेल्टमध्ये उतरली, आणि फेल्टने आपला स्वस्त रंग सोडून दिला. झिलईवरच्या त्या केसाएवढ्या रेषांनी तो पिऊन घेतला होता. पांढऱ्या ताटल्यांवर आता लाल शिरांचं जाळं दिसत होतं, थेट म्हाताऱ्या डोळ्यांतल्यासारखं. कप तेवढे बचावले, कारण त्यांच्या वाट्याला फेल्ट आला नव्हता.

सेफ्टीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गोल तिथेच होता.

"हे…" ते म्हणाले. "पण मी तर…" आणि ते पलंगाच्या कडेला बसले. कधी कोणी पाहिलं नव्हतं इतके लहान दिसत होते.

या प्रसंगासाठी कात्रीकडे वाक्यं तयार होती. एक नाही, वर्षभर परजलेली अनेक. लिलावघरातल्या बाईला बोलावून प्रदर्शन भरवण्याबद्दल एक होतं. मांजराबद्दल एक होतं, ते तर फारच जमलं होतं. तिने तोंड उघडलं, आणि तिला पांढरा फेल्ट आठवला. तो अजून तिच्या फळीवर होता, कोरा करकरीत. त्या कोटाचं गिऱ्हाईक पुन्हा फिरकलंच नव्हतं. लाल फेल्टला पाणी लागलं की तो रंग सोडतो, हे ती येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची. तिने तोंड मिटलं.

"जेवायला काही आहे का, का नुसतंच दाखवणार?" दादा गुडघे सांभाळत दारात येऊन उभा राहिला होता. त्याची नजर ताटल्यांवर गेली. "अरेच्चा! यांना काय झालं?"

दादाने एक ताटली उचलली, उजेडात धरली, अंगठ्याने घासून पाहिली. "आईने बीट वाढलं होतं वाटतं," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. खोलीत दुसरं कोणी हसलं नाही, तेव्हा त्याने ताटली बहिणीच्या हातात दिली. "धू. भूक लागलीय."

तिने सगळ्या ताटल्या गरम पाण्यात साबण आणि सोडा घालून घासल्या. निघाला तेवढा रंग निघाला. उरला तो आत जाऊन बसला होता आणि तिथून हलायचा त्याचा विचार दिसत नव्हता.

जेवायला बसले. सूपच्या भांड्यातून वाफ निघत होती. साहेब आपल्या ताटलीकडे बघत होते, चमचा हातात तसाच.

"तुम्ही जेवा हो," दादा म्हणाला. "एवढं काय झालं? मूळच्या संचात या किती होत्या माहीत आहे? कपाट भरून. आईने निम्म्या फोडल्या."

"आईने?" कात्री चमकली.

"तू पाळण्यात होतीस. तिच्या हाताला पकड अशी नव्हतीच. आठवड्याला एखादी खळ्ळकन जायची. मी घाबरून बघायचो, तर म्हणायची, चला, धुवायला एक कमी झाली. तुला ज्या मिळाल्या, त्या तिच्या हातून निसटलेल्या. म्हणजे, न निसटलेल्या."

कात्रीला इतकी वर्षं वाटत होतं की आईने हा संच पूर्णच्या पूर्ण दिला. तिला हसू आवरेना. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना वाटलं ती आपल्यालाच हसतेय. म्हणून तिने सांगून टाकलं.

"माझ्याकडे पांढरा फेल्ट होता. मी मुद्दाम दिला नाही."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "फळीवर दिसत होता."

"मग पुन्हा मागितला का नाहीत?"

साहेबांनी सूप ढवळलं. "तू निदान काहीतरी दिलंस. माझ्या कामात आजवर कोणी हातभार लावला नव्हता." मग आवाज जरा ताठ करून ते म्हणाले, "आणि रंग जातो का, ते मी पाण्यात भिजवून बघायलाच हवं होतं. चूक तपासणीत झाली. ती माझ्याकडे."

तिने त्यांच्या ताटलीत आणखी सूप वाढलं, एवढंच.

दादा गेल्यावर साहेबांनी एकदा ब्लीचची बाटली आणली. तिने ती संडासात नेऊन ठेवली आणि म्हणाली, "आता यांना बरं करायला जाऊ नका." ताटल्या पुन्हा ओट्यावरच्या फळीवर आल्या. साहेबांनी मागितलं नसतानाच तिने पांढऱ्या फेल्टच्या चकत्या कापून दिल्या. त्यांनी त्या आधी भिजवून पाहिल्या, तिच्यादेखत, आणि तिने तो अपमान गिळला. नारिंगी ताटल्या कुंड्यांखाली गेल्या. तिथे त्या खरंच कधी फुटणार नाहीत. तिचे कपडे कपाटात परतले, बोल्ट मात्र कपाटाला कायमचे राहिले. आणि धुण्याचं काम साहेबांनी स्वतःकडे घेतलं. तिच्या हाताचा भरवसा नव्हता म्हणे. आईवर गेलेला असायचा.

एका दुपारी ती मशीनवर बसली होती, आणि आतून आवाज आला. खळ्ळकन. तिने पायडलवरचा पाय उचलला. मग सेफ्टीसाहेब दारात आले, हात कोपरापर्यंत ओले, चेहरा कारखान्याला आग लागल्यासारखा.

"एक बशी गेली," ते म्हणाले. "माझ्या हातून."

"हात दाखवा."

त्यांनी हात पुढे केले. तिने दोन्ही बाजूंनी पाहिले. कुठे कापलं नव्हतं.

"मग उभे काय राहिलात? केर काढा. आणि पायात चप्पल घालून."

"चप्पल घातलेलीच आहे," साहेब जरा दुखावून म्हणाले, आणि केरसुणी शोधायला गेले. ती कुठे ठेवतात, हे त्यांना अजून माहीत नव्हतं. कात्री मशीनवर बसल्याबसल्या त्यांना ओरडून सांगत राहिली.